करवतीपुढची बोटे

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी माझ्याकडे 'मुले आणि मोबाइल' या विषयावर लेख मागितला होता. त्या विषयावर आता पालकच मला व्याख्यान देतात, त्यामुळे संपादकांची क्षमा मागून मी विषय बदलला आहे. बालरोगतज्ज्ञाने सुतारांच्या करवतीवर लेख लिहावा ही अनेकांना अनधिकार चेष्टा वाटेल. माझा अधिकार एवढाच, की माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत मांडलेल्या करवतीवर आणि माझ्याच घाईपायी एका मुलाचे बोट गेले.

गोष्ट २०१९ सालची आहे. अडाजण भागातील आमच्या सदनिकेचे फर्निचर नव्याने करायचे ठरले. आपल्याकडे बहुतेक जण करतात तसेच आम्हीही केले: घर रिकामे न करता मागच्या खोलीत संसार आवळून घेतला आणि दिवाणखाना मिस्त्रींच्या स्वाधीन केला. मिस्त्री राजस्थानचे, कामाला चोख. त्यांच्याबरोबर दोन कारागीर आणि एक पोरगेलासा पुतण्या. दिवाणखान्याच्या मध्यभागी त्यांनी पहिल्याच दिवशी आपले यंत्र उभे केले. हे यंत्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे, पण त्याकडे निरखून कोणीच पाहिलेले नसते. प्लायच्या एका फळीला मधोमध चीर पाडायची, हातात धरून चालवायचे कटर मशीन तिच्या खाली उलटे करून आवळायचे, पाते चिरेतून वर काढायचे आणि मशीनचे बटण दाबलेल्या स्थितीतच अडकवून टाकायचे. झाले टेबल सॉ तयार! ते सुरू करायचे म्हणजे बोर्डात वायर खोचायची, आणि थांबवायचे म्हणजे ती उपटायची. पात्यावर झाकण नाही, पात्यामागे पट्टी नाही, हाताशी स्विच नाही.

मी रोज सकाळी त्या यंत्राला वळसा घालून दवाखान्यात जात असे. दवाखान्यात बसून पालकांना सांगत असे, की गरम चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवू नका, फिनेलची बाटली वर ठेवा, प्लगच्या भोकांना टोपणे लावा.

धनत्रयोदशीच्या आत काम पुरे व्हायला हवे, असा माझा आग्रह होता. मिस्त्रींना दिवाळीसाठी गावी जायचे होते, मला पाहुण्यांना नवे घर दाखवायचे होते. भाव चौरस फुटावर ठरला होता आणि तो मी घासाघीस करून खाली आणला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. चौरस फुटाच्या भावात कारागिराला फक्त वेग परवडतो. धनत्रयोदशीला नऊ दिवस उरले असताना मी मिस्त्रींना फोन करून, आवाज थोडा चढवूनच, काम मागे पडत असल्याचे सुनावले. त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात उलट फोन आला.

पुतण्या प्लायची इंचभर रुंदीची पट्टी फाडत होता. पट्टी फाडताना चीर मिटली, प्लाय पात्यात अडकून उसळला, आणि त्याला पुढे रेटणारा डावा हात रेटण्याजोगे काही न उरल्यामुळे थेट पात्यावर गेला. तर्जनीचे टोकाचे पेर गेले, मधल्या बोटाचे अग्र सोलवटून निघाले. मी पोहोचलो तेव्हा एका कारागिराने भुशातून पेर शोधून काढून पेल्यातल्या बर्फात टाकलेले होते. त्या बिचाऱ्याने आपल्या परीने योग्य तेच केले होते. तुटलेले बोट थेट बर्फाला लागू द्यायचे नसते, ते सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, हे मी त्याला कधी सांगितले होते? माझ्याच घरात चार माणसे दोन महिने करवत चालवत होती, आणि गॉजची एक पुडीही मी त्यांच्याजवळ ठेवली नव्हती.

आमच्या शल्यविशारद मित्राने पेर पाहिले आणि मान हलवली. "सुरीने तुटले असते तर प्रयत्न केला असता. करवत कापत नाही रे, खाते," तो म्हणाला. हे वाक्य मी पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवले. पात्याचे दात दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची चीर पाडतात. लाकडात जेवढ्या रुंदीचा भुसा होतो, तेवढ्याच रुंदीचा भुसा हाड, शीर आणि रक्तवाहिनी यांचाही होतो. जोडायला दोन टोके मिळतात, पण ती एकमेकांना भिडत नाहीत.

केसपेपर लिहिताना परिचारिकेने वय विचारले. मिस्त्रींनी अठरा सांगितले. मुलाने, वेदनेत माणूस खोटे बोलायला विसरतो म्हणून असेल, सोळा सांगितले. आमच्या शास्त्राच्या हिशेबाने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक जण बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण असतो. तीस वर्षे मुलांची वये विचारून वाढीच्या तक्त्यावर टिंबे देणाऱ्या मला, माझ्या दिवाणखान्यात दोन महिने राबणाऱ्या मुलाचे वय विचारण्याची बुद्धी झाली नव्हती.

पुढे काही महिन्यांनी मी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा मुद्दाम मिळवून वाचला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात मानवी हाताची दरपत्रिकाच होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरायचे, संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, तर्जनीचे एक पेर ९ टक्के, मधल्या बोटाचे नुसते अग्र, हाड शाबूत असताना, ४ टक्के. माझ्या घरातील हिशेब १३ टक्क्यांचा झाला. मी उपचारांचा खर्च केला, वर काही रक्कम दिली, आणि ती देताना मला आपण उदार असल्यासारखे वाटले, हे आज लिहिताना शरम वाटते.

आता यंत्राविषयी. हातातल्या कटरचे चार इंचांवरचे, म्हणजे ११० मिलिमीटरचे, पाते मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेते. गणित करून पाहिले तर त्याच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास येतो. आपल्याला काही टोचल्याची जाणीव होऊन हात मागे घ्यायला साधारण एक-पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ते पाते ४० फेरे घेते, आणि पात्याला ४० दाते असतील तर १,६०० दाते त्या जागेवरून जातात. 'सावध राहा' या उपदेशाचा येथे काय उपयोग? प्रतिक्षिप्त क्रिया जिथे पोहोचूच शकत नाही, तिथे सावधपणा ही औषधयोजना नव्हे. हात पात्याजवळ जाणारच नाही अशी मांडणी आधीपासून करून ठेवणे एवढाच उपाय उरतो.

बहुतेकांना वाटते की बोट चुकून पात्याला लागते. अनेकदा तसे होत नाही, लाकूड हाताला तिथे नेते. टेबल सॉचे पाते आपल्याकडच्या बाजूला वरून खाली फिरते, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते आणि सारे सुरळीत दिसते. पण पात्याच्या मागच्या बाजूचे दाते खालून वर येत असतात. लाकडात ताण असेल, ते ओले किंवा वाकडे असेल, अथवा ढकलताना तिरपे झाले, तर कापलेली चीर मागे मिटते किंवा लाकूड त्या मागच्या दात्यांवर घासते. मागचे दाते त्याला उचलतात आणि पात्याच्या वेगाने ढकलणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात, आमचे मिस्त्री 'मशीनने फेकले' म्हणतात. कधी ते लाकूड पोटात बसते, कधी हात रिकामा होऊन पात्यावर जातो.

यावरचा उपाय एक पोलादी पट्टी आहे. तिचे नाव रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या लगेच मागे, पात्याच्याच रेषेत उभी असते आणि पात्याबरोबर वरखाली होते. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून किंचित जास्त आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेहून किंचित कमी असते. लाकूड तिच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकते, पण मिटू शकत नाही, आणि मागच्या दात्यांपर्यंत सहजी पोहोचू शकत नाही. बस्स. बोटभर पट्टी! आणि उलट्या बांधलेल्या कटरमध्ये नेमकी हीच बसवायला जागा नसते.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. त्या प्रसंगानंतर मी एका निवृत्त निदेशकांकडे रविवारी सकाळी जाऊ लागलो. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले, मूळचे नंदुरबारकडचे, पण तरुणपण बिलीमोऱ्याच्या लाकडाच्या वखारींत घालवलेले. (बडोद्याच्या गायकवाडांनी १९१३ मध्ये बिलीमोरा ते वघई ही अरुंद रूळमार्गाची गाडी सुरू केली ती डांगच्या जंगलातील साग खाली आणण्यासाठी. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १७३६ मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया हे जहाज बांधणारे सुतार सुरतेहूनच मुंबईला गेले होते. लाकडाशी आपल्या शहराचे नाते असे जुने आहे. असो.) मी त्यांना मास्तर म्हणतो. पहिले तीन रविवार मास्तरांनी मला यंत्र सुरूच करू दिले नाही. "डॉक्टर, प्लग काढलेला असतानाच दहा वेळा लाकूड ढकला. प्रत्येक वेळी शेवटी तुमचा हात कुठे असेल ते मला सांगा," असे म्हणून ते शेजारी बसत. माझी उत्तरे बहुधा चुकत.

त्यांनी शिकवलेले थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी काहींना निवृत्तीनंतर हा छंद लागण्याचा संभव आहे. काप दोन प्रकारचे: लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभा आणि रेषांना छेदून आडवा. उभ्या कापाला लाकडाची सरळ रंधलेली कड बाजूच्या पट्टीला, म्हणजे फेन्सला, टेकवून सरकवायची, आणि ती पट्टी पात्याशी समांतर आहे की नाही हे मोजून पाहायचे. आडव्या कापाला टेबलावरच्या खोबणीत सरकणारा माइटर गेज वापरायचा आणि तो पात्याशी काटकोनात आहे हे गुण्या लावून तपासायचे. दोन्ही आधार एकाच वेळी कधीही वापरायचे नाहीत. आडव्या कापात सुटलेला तुकडा पट्टी आणि पाते यांच्या कचाट्यात सापडला, की तो गोळीसारखा सुटतो. आणि कोणताही आधार न घेता, नुसत्या हाताने रेघेवर नजर ठेवून कापणे हे तर मास्तरांच्या मते करवतीचा अपमान करणे होय.

पाते लाकडाच्या वर दात्याच्या उंचीइतकेच काढायचे. उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नव्हे, थोडे डावीकडे. हात आणि पाते यांत किमान वीतभर अंतर. त्याहून अरुंद पट्टी फाडायची असेल तर हाताने नव्हे, खाच पाडलेल्या ढकलकाठीने पुढे न्यायची. ती काठी पाते खाते, बोट वाचते, आणि नवी काठी प्लायच्या तुकड्यातून पाच मिनिटांत निघते. कापून पडलेला तुकडा पाते पूर्ण थांबेपर्यंत उचलायचा नाही. बटण बंद केल्यावरही पाते काही काळ फिरत राहते, आणि आवाज मंदावला की माणूस निर्धास्त होतो. पाते बदलताना प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा.

हातमोज्यांविषयी मात्र मास्तरांनी मला चकित केले. मी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने जाड हातमोजे घेऊन गेलो होतो. ते त्यांनी काढून घेतले. फिरत्या पात्यापुढे हातमोजा संरक्षण करत नाही, त्याचा धागा दात्यात अडकला तर तो हाताला ओढून नेतो. लोंबती बाही, गळ्यातला गमछा, मनगटातला गंडादोरा, सगळ्यांना हाच न्याय. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क मात्र हवाच. लाकडाचा भुसा नाकाच्या कर्करोगास कारणीभूत होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकले आहे. प्लाय आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यात असणारे फॉर्माल्डिहाइडही पुढे त्याच गटात गेले.

हे सारे ठाऊक असूनही गार्ड काढून ठेवले जाते. का? मिस्त्रींना विचारा, ते सांगतील, "साहेब, आड येते." हे उत्तर खोटे नाही. गार्ड काढायला लावणारे काही मोजके काप असतातच, पण एकदा काढलेले गार्ड परत बसवायला कोणालाच वेळ नसतो. मला यात लसीकरणाचे सूत्र दिसते. ज्याने काम केले आहे ते दिसत नाही, त्याचा त्रास तेवढा दिसतो. गार्ड लावून हजार काप निर्विघ्न झाले, तर त्यातल्या कोणत्या कापाला ते उपयोगी पडले हे कोणाला कळणार?

आपल्या सुरतेला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लोक टेट्रासायक्लीनच्या शोधात धावत होते, पण शहर बदलले ते गोळ्यांनी नव्हे. १९९५ नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत रोजचा कचरा रोज उचलला जाऊ लागला, त्यामुळे बदलले. बोटे जोडणारे शल्यविशारद आपल्या शहरात आहेत, आणि त्यांच्या कौशल्यापुढे मी नतमस्तक आहे. पण ती गोळी झाली.

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एक युक्ती शोधली. पात्यात सूक्ष्म विद्युत्संकेत सोडायचा. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते काही मिलिसेकंदांत थांबवतो. प्रात्यक्षिकात बोटाच्या जागी सॉसेज ठेवत, पण गॅस यांनी एकदा स्वतःचे बोटही लावून पाहिले. मोठ्या उत्पादकांनी ती युक्ती घेतली नाही, तेव्हा २००४ पासून त्यांच्याच कंपनीने तशी यंत्रे विकायला काढली. मला त्या शोधाचे कौतुक आहे, परंतु आपल्या दिवाणखान्यातील उलट्या कटरपर्यंत तो पोहोचायला किती वर्षे लागतील कोण जाणे. आपल्याला तूर्त पोलादी पट्टी आणि लाकडी काठी पुरे.

कायद्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला होता. काही यंत्रांवर अल्पवयीनांना पुरेसे शिक्षण आणि देखरेख असल्याशिवाय उभे करण्यास त्यात मनाई होती, आणि नियमांतील त्या यंत्रांच्या यादीत गोल करवतीचे नाव होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा कामगारांच्या कारखान्याचा होता. माझा दिवाणखाना कारखाना नव्हता. तिथे निरीक्षक येणार नव्हता. तिथे आडोसा आहे की नाही हे पाहू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो पैसे देणारा होता.

म्हणून माझे म्हणणे आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे मांडतो. आपण सारे घरे बांधतो, दवाखाने आणि रुग्णालये सजवतो. सुतारकामाचा करार करताना सनमायकाचा रंग आणि बिजागऱ्यांची कंपनी आपण बारकाईने लिहून घेतो. त्यातच आणखी काही ओळी लिहाव्यात. उलटा बांधलेला कटर चालणार नाही. गार्ड आणि रायव्हिंग नाइफ असलेले टेबल सॉच आणावे. प्लायचे मोठे काप मापांची यादी देऊन दुकानातील पॅनेल सॉवर करून घ्यावेत. अठरा वर्षांखालील कोणीही करवतीवर उभा राहणार नाही, आणि वय आधारकार्डावर पाहिले जाईल. जेवणाच्या सुट्टीत प्लग काढलेला असेल, कारण त्या घरात आपली नातवंडेही फिरत असतात. आणि मुहूर्ताची तारीख करारात नसेल.

यावर आक्षेप येईल, की यामुळे भाव वाढेल. वाढेल. चांगले छोटे टेबल सॉ चाळीस-पन्नास हजारांच्या घरात येते, म्हणजे आठ-दहा लाखांच्या फर्निचरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ते यंत्र पुढच्या दहा घरांतही चालते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. काम संथ होईल, आणि गरजू मिस्त्री आपल्याला सोडून ज्याला घाई आहे अशा गिऱ्हाइकाकडे जाईल. एकट्या माझ्या अटींनी काही होणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे दवाखान्यात न बोलता स्मरणिकेत लिहीत आहे. आपण काहीशे कुटुंबांनी एकाच शहरात एकच अट घातली, तर ती अट न राहता रिवाज होईल.

तो मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा आहे. दिवाळीनंतर मिस्त्री गावाहून परत येतात तेव्हा तो त्यांच्याबरोबर असतो. पॉलिशचे काम करतो, करवतीवर जात नाही. गेल्या वर्षी दवाखान्याची एक खोली नव्याने करायची होती, तेव्हा मी त्याच मिस्त्रींना बोलावले. कराराचा कागद त्यांनी दोनदा वाचला, मग पुतण्याला वाचायला दिला. तो काही बोलला नाही. डाव्या हाताने कागद धरून उजव्या हाताने त्याने त्या ओळींखाली एक रेघ ओढली आणि कागद मला परत दिला.

रविवारी मास्तरांकडे उरलेल्या बारा मिलिमीटर प्लायमधून मी ढकलकाठ्या बनवतो. ज्यांच्या घरी काम सुरू आहे त्यांनी माझ्या दवाखान्यातून एक घेऊन जावी. स्वागतकक्षाच्या खणात सध्या सात शिल्लक आहेत.